बातमीदार रहस्यकथा लिहितो तेव्हा : वाचकांचे प्रश्न

बातमीदारी, पत्रकारितेचं अध्यापन आणि रहस्यकथालेखन ही तिन्ही कामं एकाच माणसाने करायची, तर काय सांभाळावं लागतं, याविषयी आलेल्या पत्रांमधले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांबलेली पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : मी दैनिकात क्राइम बीट सांभाळतो. पुढेमागे रहस्यकादंबरी लिहायची आहे. आत्तापासून काय टिपून ठेवू?

आधी वह्या वेगळ्या करा. बातमीच्या वहीत सूत्रांची नावं असतात, ऑफ द रेकॉर्ड बोललेलं असतं, अजून न छापलेलं असतं. ती वही कादंबरीच्या टेबलावर येता कामा नये. दुसऱ्या वहीत घटना लिहायच्या नाहीत, कामाची रीत लिहायची. घटनास्थळी पहिला पोलीस आल्यावर आधी काय करतो, गर्दी कोण हटवतं, पंच कुठून बोलावले जातात, पंचनामा लिहिणारा कागद कशावर टेकवतो, शवागाराबाहेर नातेवाइकांची सही कुठे उभं करून घेतात, साक्षीदाराला कोर्टात पुकारा होईपर्यंत कुठे बसावं लागतं. बातमीत यातलं काहीच जात नाही आणि घरी बसून लिहिणाऱ्याला नेमकं हेच सुचत नाही.

प्रत्येक नोंदीच्या समासात एक अक्षर टाका : पाहिलं असेल तर ‘पा’, कुणी सांगितलं असेल तर ‘ऐ’, कागदात वाचलं असेल तर ‘का’. शेजारी वेळ. काही वर्षांनी ऐकलेली गोष्ट स्वतः पाहिल्यासारखी वाटू लागते, म्हणून ही खूण हवीच. शिवाय रहस्यकथा चालते ती याच तीन अक्षरांमधल्या फरकावर. साक्षीदार ‘पाहिलं’ म्हणतो, प्रत्यक्षात त्याने ऐकलेलं असतं. कागदावरची वेळ आणि तोंडची वेळ जुळत नाही. तपास तिथूनच पुढे सरकतो.

नोंद त्याच रात्री करा. दुसऱ्या दिवशी बातमी छापून येते आणि मग आठवणही बातमीसारखीच आटोपशीर होऊन बसते. माणसं जसं बोलली तसंच्या तसं आठवत असेल तरच अवतरणचिन्हं घाला, नाहीतर आशय लिहून थांबा.

प्रश्न : वीस वर्षं बातम्या लिहिल्या. आता कथा लिहायला घेतली तर खुनी पहिल्या काही पानांतच ओळखू येतो, असं वाचणारे सांगतात. हे कसं टाळायचं?

बातमीची सवय आड येते आहे. महत्त्वाचं आधी, तपशील नंतर, जागा कमी पडली तर शेवट कापायचा, हे तुमच्या हातात बसलेलं आहे. त्यामुळे कथेतही जो दुवा महत्त्वाचा, तो तुम्ही नकळत परिच्छेदाच्या सुरुवातीला किंवा शेवटी ठेवता. वाचकाचं लक्ष त्याच दोन जागांवर सर्वांत जास्त असतं. उपाय माहिती दडवण्याचा नाही, माहितीची जागा बदलण्याचा आहे.

एक उदाहरण सविस्तर पाहू. जुन्या बंगल्यात काका मरण पावलेत. पुतण्या सांगतो की नऊ वाजता फोन वाजला, तो त्याने वरच्या खोलीत उचलला, म्हणजे त्या वेळी तो खाली नव्हता. त्याला खोटं पाडायचं आहे. त्या रात्री आठ चाळीस ते साडेनऊ वीज गेलेली होती आणि वरच्या खोलीत कॉर्डलेस फोन आहे. तांब्याच्या तारेवर चालणाऱ्या साध्या लँडलाइनला वीज टेलिफोन एक्स्चेंजमधून त्याच तारेने मिळते, म्हणून घरातली वीज गेली तरी ती वाजते. कॉर्डलेस फोनचा स्टँड मात्र घरच्या विजेवर चालतो. वीज नाही तर तो वाजत नाही. दिवाणखान्यातला फोन वाजला, हे शेजाऱ्याने ऐकलं. वरचा वाजणं शक्यच नव्हतं. म्हणजे पुतण्याने फोन खालीच उचलला.

आता हे तीन दुवे कुठे ठेवाल? तिसऱ्या प्रकरणात पुतण्या वरची खोली दाखवतो : त्याने खिडकी लावली, टेबलावरची औषधं एका बाजूला सारली, फोन स्टँडमध्ये नीट बसवला, पलंगाखालून चपला काढल्या. फोन यादीत तिसरा आहे, पहिला नाही आणि शेवटचाही नाही. वाक्य संपताक्षणी खालून काकूंची किंकाळी येऊ द्या. वाचक तिकडे धावतो. नवव्या प्रकरणात शेजारीण वीज गेल्याने राहून गेलेल्या कामांबद्दल कुरकुर करते. तिथे वेळ येते, पण तक्रारीच्या सुरात. चौदाव्यात पुतण्याचा जबाब. तिन्ही गोष्टी वाचकासमोर उघड्यावर आहेत, फक्त एकमेकींशेजारी नाहीत.

अशा दुव्यात बिघाड होतो तो पळवाटांमुळे. बंगल्यात इन्व्हर्टर असेल तर? स्टँडला बॅटरीचा आधार असेल तर? लाइन फायबरची असेल तर वीज गेल्यावर राउटरच बंद पडतो आणि खालचा साधा फोनही मुका होतो. चाणाक्ष वाचक हे प्रश्न विचारणारच. प्रत्येक पळवाट आधीच्या पानांत एकेका साध्या वाक्याने बुजवा : रात्री मेणबत्त्या शोधल्या गेल्या, जुनी लाइन बदलून घ्यायची म्हणून काका वर्षभर टाळाटाळ करत होते, वगैरे.

वाचकाला न दाखवलेल्या पुराव्यावर उकल करायची नाही, हा संकेत जुना आहे. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले, त्यातही तो आहे. बाकीचे काही नियम आज कालबाह्य झाले आहेत आणि एक तर सरळ वंशभेदी आहे. पण हा एक मोडला तर वाचक पुढचं पुस्तक हातात घेत नाही.

प्रश्न : कथानक आधी पूर्ण आखून घ्यावं, की लिहिता लिहिता सुचू द्यावं?

पात्रं, संवाद, वातावरण सुचू द्या. गुन्हा आखूनच घ्या.

सर्वांत आधी दोन-तीन पानांत गुन्ह्याची खरी हकीगत लिहा, अगदी बातमीसारखी : कोणी, काय, कुठे, केव्हा, का, कसं. ही पानं पुस्तकात जाणार नाहीत. त्यांत तपास करणारा नाही, रहस्य नाही, फक्त घडलेलं आहे. इथे वीस वर्षांची बातमीदारी उपयोगी पडते, कारण ‘का’चं उत्तर पोकळ असेल तर तुमच्या लगेच लक्षात येतं. ‘पैशासाठी’ हे उत्तर नव्हे. कोणता पैसा, तो कधीपर्यंत हवा होता, दुसरीकडून का मिळत नव्हता, हे लिहा.

मग एक मोठा तक्ता. उभ्या रकान्यांत माणसं, आडव्या ओळींत वेळ, गुन्ह्याच्या रात्रीपुरती पंधरा-पंधरा मिनिटांची. प्रत्येक चौकटीत दोन रंगांच्या शाईने लिहा : एका रंगात ती व्यक्ती खरोखर कुठे होती, दुसऱ्यात ती कुठे होतो म्हणून सांगते. जिथे दोन रंग जुळत नाहीत तिथे कारण हवं. निरपराध माणसंही खोटं बोलली पाहिजेत, स्वतःच्या लहानशा लाजेपायी : कुणी नोकरी गेल्याचं घरी सांगितलेलं नसतं, कुणी दुसऱ्याच घरी असतं. खोटं बोलणारा एकटाच असेल तर तोच खुनी, हे वाचक दहाव्या पानावर ओळखतो.

संशयित चार ते सहा ठेवा. तिघांत निवड फार सोपी होते, आठांत वाचक नावं विसरतो. नावांची आद्याक्षरं वेगळी ठेवा; सुरेश, सुधीर आणि सुनील एका घरात आले की वाचक मागची पानं उलटत बसतो. खुनी पहिल्या चतुर्थांशात वाचकाला भेटलेला असावा आणि त्याला कथेत गुन्ह्याशिवायही काहीतरी काम असावं. तो केवळ खुनी व्हायलाच आलेला दिसला तर खेळ संपला.

आखणी झाल्यावर प्रत्येक दुव्याची तीन ठिकाणं कागदावर नोंदवा : तो कुठे दिसतो, त्याचा चुकीचा अर्थ कुठे लागतो, खरा अर्थ कुठे लागतो. मधला मुद्दा बहुतेकजण विसरतात. चुकीचा अर्थ पटण्याजोगा नसेल तर खऱ्या अर्थाचा धक्का बसत नाही.

प्रश्न : मृत्यूची वेळ, विष, गोळीबार याबाबत लेखक नेहमी कुठे चुकतात?

सर्वांत मोठी चूक म्हणजे डॉक्टरच्या तोंडी मिनिटांचा हिशेब घालणं. ‘मृत्यू नऊ वाजून दहा मिनिटांनी झाला’ असं शवविच्छेदन करणारा डॉक्टर सांगत नाही, तो काही तासांचा पट्टा देतो. त्याच्यासमोर ढोबळमानाने तीन खुणा असतात. शरीराच्या खालच्या बाजूला रक्त साचून जांभळट डाग उमटतात. ते अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत दिसू लागतात आणि सहा ते बारा तासांत पक्के होतात. पक्के झाल्यावर प्रेत हलवलं तर डाग जुन्याच जागी राहतात. उताण्या प्रेताच्या छातीवर डाग असतील तर ते कुणीतरी नंतर उलटवलं आहे. हा दुवा सोपा आहे, खरा आहे आणि अजूनही छान चालतो.

दुसरी खूण ताठरतेची. ती आधी पापण्या-जबड्यात जाणवते. जुना ठोकताळा असा की बारा तासांत सर्वांगाला येते, बारा तास टिकते, बारा तासांत उतरते. उष्ण हवेत हे सगळं लवकर उरकतं, थंडीत रेंगाळतं. तिसरी खूण शरीर थंड होण्याची. थंड हवामानाच्या पुस्तकांतला ‘तासाला सुमारे एक अंश सेल्सियस’ हा आकडा लेखक डोळे मिटून उचलतात. पण खोलीतच छत्तीस अंश तापमान असेल तर शरीर थंड होणार तरी कशाने? एअर कंडिशनर लावून ठेवणारा किंवा बंद करणारा खुनी हे तिन्ही पट्टे सरकवू शकतो, पण मग विजेचं मीटर, रिमोट, खोलीचा दमटपणा, यांपैकी काहीतरी त्याच्याविरुद्ध बोललं पाहिजे.

विषाबाबत : शवविच्छेदनाच्या टेबलावरच विषाचं नाव कळत नाही. व्हिसेरा राखून ठेवतात, म्हणजे जठर, लहान आतड्याचा भाग, यकृत, मूत्रपिंड वगैरे. साधारणपणे मिठाच्या संपृक्त द्रावणात. प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ लागतो. हा वेळ कथेला अडचण वाटतो, पण तोच उपयोगाचा आहे : अहवाल येईपर्यंत आकस्मिक मृत्यू समजला जातो आणि माणसं बेसावध बोलतात. अगाथा ख्रिस्ती यांनी पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधविभागात काम केलं होतं. विषांबद्दल त्या मोजकं आणि नेमकं लिहीत, त्याचं मूळ तिथलं. तेवढी माहिती नसेल तर एकच विष निवडा आणि त्याच्याबद्दल एखाद्या फार्मासिस्टशी तासभर बोला. क्लोरोफॉर्मच्या रुमालाने माणूस क्षणात बेशुद्ध होत नाही, कित्येक मिनिटं लागतात.

सायलेन्सरने गोळीचा आवाज वीस ते पस्तीस डेसिबलने उतरतो, नाहीसा होत नाही. आणि साध्या रिव्हॉल्व्हरला तो लावून फारसा उपयोग नसतो, कारण फिरणारं सिलिंडर आणि नळी यांच्यातल्या फटीतून वायू आणि आवाज बाहेर पडतो. मोबाइलच्या टॉवर लोकेशनवरून माणूस कोणत्या खोलीत होता हे कळत नाही. दाट शहरात तो अंदाज काहीशे मीटरचा असतो, उघड्या मुलखात कित्येक किलोमीटरचा.

प्रश्न : माझी कादंबरी भारतात घडते आणि काळ आजचा आहे. नव्या कायद्यांमुळे तपासाच्या वर्णनात काय बदलावं लागेल?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. तुमची गोष्ट त्या तारखेनंतरची असेल तर ‘तीनशे दोन लावला’ हे वाक्य चुकीचं ठरतं. खुनाच्या शिक्षेचं कलम आता १०३ आहे. गोष्ट आधीची असेल तर ३०२च बरोबर. मात्र जुने हवालदार आणि वकील बोलण्यात जुने आकडे वापरताना दाखवलेत तर ते नैसर्गिक वाटेल.

संशयास्पद मृत्यूत पहिला कागद बहुधा खुनाचा गुन्हा नसतो. आकस्मिक मृत्यूची नोंद होते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली चौकशी होते (पूर्वीचं १७४), प्रेताचा पंचनामा होतो, आणि पुरावा पुढे आला की मग गुन्हा दाखल होतो. रहस्यकथेचा पहिला एक-तृतीयांश भाग या फटीत सहज बसतो. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्द नसली तरी शून्य क्रमांकाने नोंद करून ती योग्य ठाण्याकडे जाते.

झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं आता बंधनकारक आहे, त्याच संहितेचं कलम १०५. मोबाइलवर केलेलं चालतं. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणंही अपेक्षित आहे. त्याची अंमलबजावणी कोणत्या तारखेपासून करायची ते राज्य सरकार पाच वर्षांच्या आत ठरवतं, म्हणून तुमच्या गोष्टीतल्या राज्यात काय स्थिती आहे ते तपासा. पंच दोन किंवा अधिक, स्वतंत्र माणसं. मुद्देमाल सीलबंद करून कुणाच्या हातून कुठे गेला याची साखळी कागदावर असते. एक हात नोंदवायचा राहिला की बचावाचा वकील तिथेच बोट ठेवतो.

अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. दोषारोपपत्र गंभीर गुन्ह्यांत नव्वद दिवसांत, इतरांत साठ दिवसांत आलं नाही तर कोठडीतल्या आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. लेखकासाठी ही आयती घड्याळं आहेत, परदेशी मालिकांमधून उसनी आणायची गरज नाही.

आता शेवटच्या प्रसंगाबद्दल. सगळ्यांना एका खोलीत जमवलं, गुप्तहेराने बोट दाखवलं, खुनी कोसळला आणि सगळं कबूल केलं. वाचायला हवंहवंसं वाटतं, पण पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम २५ आणि २६ मध्ये होतं, आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. महत्त्वाचा अपवाद असा की आरोपीने कोठडीत सांगितलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधापुरता भाग ग्राह्य धरतात. म्हणून कबुलीनंतर काहीतरी सापडू द्या. विहिरीतून निघालेला हातोडा हा कबुलीपेक्षा मोठा शेवट आहे. खासगी गुप्तहेराला पोलिसी अधिकार नसतात. समोर घडणारा अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा असेल तर कुणीही नागरिक पकडू शकतो, पण सहा तासांच्या आत पोलिसांकडे सोपवावं लागतं. आणि ज्यूरी आणू नका. १९५९च्या नानावटी खटल्यात ती होती, १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनंतर नाही.

प्रश्न : मी ज्या खऱ्या प्रकरणाचं वार्तांकन केलं त्यावर कादंबरी बेतली तर चालेल का? माझ्याच बातम्यांतला मजकूर वापरता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ मध्ये असं आहे की वृत्तपत्राच्या नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा हक्क, वेगळा करार नसेल तर, वृत्तपत्र-नियतकालिकात छापण्यापुरता मालकाचा. बाकी बाबतींत लेखकाचा. ‘वेगळा करार नसेल तर’ हे शब्द महत्त्वाचे. नेमणुकीचं पत्र काढून वाचा. अनेक पत्रांत सगळे हक्क संस्थेकडे जातात असं कलम असतं, आणि नोकरीत असताना पुस्तक काढायला लेखी परवानगी लागते असंही असतं.

खऱ्या प्रकरणाबाबत नुसती नावं बदलून भागत नाही. व्यवसाय, गाव, कुटुंबाची रचना आणि गुन्ह्याची पद्धत यांपैकी किमान तीन गोष्टी अशा बदला की शेजाऱ्यालाही ओळख पटू नये. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ७२. मूल असेल तर पॉक्सो कायद्याचं कलम २३ आहेच. कादंबरी म्हणून सूट मिळेल असं गृहीत धरू नका. खटला चालू असेल तर थांबा. आणि ज्याने विश्वासाने काही सांगितलं, ते बातमीत वापरलं नाही म्हणून कादंबरीत मोकळं होत नाही. आमच्या मते प्रकरणातून घटना घेण्यापेक्षा एखादा न सुटलेला प्रश्न घ्यावा : तिने त्या दिवशी दार आतून का लावलं नव्हतं? एवढ्या बीजातून उगवलेली गोष्ट पूर्णपणे तुमची असते.

प्रश्न : एका संस्थेने वार्तांकन शिकवायला बोलावलं आहे, एक सत्र, आठवड्याला एक तास. तयारी कशी करावी?

स्वतःच्या गाजलेल्या बातम्यांच्या आठवणी सांगण्यात तास संपवू नका. मुलांना ते आवडतं, पण परीक्षेच्या वेळी त्यांना साधी अपघाताची बातमी लिहिता येत नाही.

पंधरा तास मिळाले तर दहा तासांत मुलांनी लिहिलंच पाहिजे. दहा मिनिटं मुद्दा, तीस मिनिटं काम, उरलेल्या वेळात दोन-तीन नमुने मोठ्याने वाचून दुरुस्ती. वर्ग तीसचा असेल तर सगळ्यांचं सगळं तपासायला जाऊ नका, दमाल आणि परत द्यायला उशीर होईल; महिन्याभराने परत आलेल्या कागदाचा काही उपयोग नसतो. दर वेळी एकच गोष्ट तपासा : या आठवड्यात नावं आणि आकडे, पुढच्या आठवड्यात सूत्राचा उल्लेख, त्यानंतर पहिलं वाक्य.

रहस्यकथा लिहिणाऱ्याला इथे मोठा फायदा आहे. चुका पेरलेली पत्रकार परिषद घ्या. तुम्ही अग्निशमन अधिकारी व्हा आणि निवेदन वाचा : आग रात्री ११.४० वाजता लागली, पहिला फोन ११.२५ला आला, इमारतीतून चौदा जणांना बाहेर काढलं, त्यांत सहा पुरुष, पाच स्त्रिया आणि चार मुलं. पहिल्यांदा बहुतेकजण हे जसंच्या तसं उतरवून घेतात. आगीआधी फोन कसा आला आणि बेरीज पंधरा का होते, हे विचारणारा एखादाच हात वर होतो. काहीही न सांगता बातम्या लिहून घ्या, मग निवेदन पुन्हा सावकाश वाचा.

पुढच्या पायरीला साक्षीदारांची कार्डं करा, आठ पुरेत. प्रत्येकावर त्या व्यक्तीने काय पाहिलं, काय ऐकलं आणि काय गृहीत धरलं हे वेगवेगळं लिहा आणि कार्ड मिळालेल्या मुलाला सांगा की न विचारता काही सांगायचं नाही. बाकीच्यांनी प्रश्न विचारून घटना उभी करायची. ‘तुम्ही स्वतः पाहिलंत का?’ हा प्रश्न किती जण विचारतात ते मोजा. दोनच नियम : होय-नाहीत उत्तर येईल असा प्रश्न शेवटी, आणि उत्तर आल्यावर लगेच पुढचा प्रश्न नको, तीन-चार सेकंद गप्प राहायचं. त्या शांततेतच माणूस राहिलेलं बोलतो.

गुणांत अचूकतेला निम्मा वाटा द्या. माणसाचं नाव चुकलं तर बातमी कितीही चांगली असली तरी उत्तीर्णतेच्या वर जाऊ नये. पहिल्या महिन्यात कुरकुर होईल, ठाम राहा.

प्रश्न : पूर्ण वेळ शिकवायला पदवी कोणती लागते?

भारतात विद्यापीठ-महाविद्यालयातल्या नियमित सहायक प्राध्यापकपदासाठी साधारणपणे संबंधित विषयात पदव्युत्तर पदवी, ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट. अनुभवी पत्रकारांसाठी दुसरी वाट आहे : विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही सोय आणली. तिथे औपचारिक पदवीऐवजी किमान पंधरा वर्षांचा, शक्यतो वरिष्ठ पातळीवरचा अनुभव पाहतात. पद ठरावीक मुदतीचं असतं. तासिकेवर बोलावताना संस्था स्वतःचे निकष लावतात. जाहिरात शब्दशः वाचा.

प्रश्न : नोकरी, वर्ग आणि कादंबरी एकाच वेळी जमतं का?

जमतं, पण रोजचं उद्दिष्ट ठरवू नका. बातमीदाराचा दिवस त्याच्या हातात नसतो आणि दोन दिवस चुकले की तिसऱ्या दिवशी वही उघडवत नाही. आठवड्याचं ठरवा : दोन हजार शब्द. चाळीस आठवड्यांत ऐंशी हजारांचा पहिला खर्डा होतो. उरलेले बारा आठवडे परीक्षा, निवडणुका आणि आजारपणाला जातात. ज्या दिवशी मोठी बातमी लिहिली असेल त्या दिवशी कादंबरी लिहू नका, तक्ता तपासा. लिहायचं थांबवताना प्रसंग अर्ध्यावर सोडा, म्हणजे परत बसल्यावर सुरुवात शोधावी लागत नाही.

प्रश्न : खर्डा झाला. रहस्य जमलं आहे की नाही, हे प्रकाशकाकडे पाठवण्याआधी कसं कळेल?

तीन-चार वाचक निवडा. पैकी एक तरी असा हवा जो रहस्यकथा भरपूर वाचतो आणि एक असा जो वाचत नाही. त्यांना पूर्ण खर्डा देऊ नका. उकलीच्या आधीच्या प्रकरणापर्यंतच द्या आणि तिथे लेखी उत्तर मागा : संशय कुणावर, कोणत्या पानापासून, कशामुळे.

सगळ्यांनी खरा खुनी ओळखला आणि कारणही बरोबर दिलं, तर दुवे फार उघडे आहेत. बहुधा एकच दुवा दोषी असतो आणि पान क्रमांकावरून तो लगेच सापडतो. खुनी ओळखला पण कारण ‘तोच असणार असं वाटलं’ हे असेल, तर दोष दुव्यांत नाही, पात्रात आहे : त्याला कथेत दुसरं काम दिलेलं नाही. कुणीच ओळखला नाही, तर खूश होण्याआधी शेवट वाचायला द्या आणि विचारा, ‘आता मागे जाऊन तीन दुवे दाखवता येतील का?’ ते दाखवता आले तर खर्डा तयार. दाखवता आले नाहीत तर दुवे कमी पडले आहेत. पहिल्या अर्ध्या भागात आणखी दोन पेरा आणि नव्या वाचकांना द्या. जुन्या वाचकांचा आता उपयोग नाही, त्यांना खुनी माहीत आहे.